बोरन्हाण, काळा लॅब्रेडॉर आणि एक फ्लॅश: न थांबणाऱ्यांचे पोर्ट्रेट (प्रकाशयोजना आणि एडिटिंग)

अर्धा_स्टॉप

संक्रांत तोंडावर आली की बोरन्हाणाच्या फोटोंचे प्रश्न सुरू होतात. कुत्र्यामांजरांचे तर बारा महिने चालूच असतात. दोन्हींत अडचण तीच: समोरचा सांगितलेल्या जागी बसत नाही, बसला तर बघत नाही आणि बघितलंच तर अर्ध्या सेकंदापुरतं. म्हणून दोन्हींसाठी हा एकच धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तर दुरुस्त करावं.

मोठ्या माणसाचा फोटो काढताना आधी माणूस बसवतो आणि मग त्याच्या चेहऱ्याला प्रकाश लावतो. इथे उलटं करायचं. आधी जागा ठरवायची, साधारण पाच फूट बाय पाच फूट, आणि त्या अख्ख्या जागेवर सारखा प्रकाश पाडायचा. मग मूल त्यात कुठेही सरकू दे, एक्स्पोजर तेच राहतं. एडिटिंगचं निम्मं काम इथेच वाचतं, कारण शंभर फ्रेम एकाच सेटिंगवर असतात.

लाइट जवळ ठेवला की हे जमत नाही. मूल सॉफ्टबॉक्सपासून (प्रकाश मऊ करायला फ्लॅशपुढे लावतात ती पांढऱ्या कापडाची पेटी) एक मीटरवर आहे असं धरा. ते ३० सेंटिमीटर पुढे सरकलं की चेहरा एक पूर्ण स्टॉप उजळतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) आणि तेवढंच मागे गेलं की पाऊण स्टॉप अंधारतो. तोच लाइट अडीच मीटरवर नेला तर त्याच ३० सेंटिमीटरला फरक पडतो जेमतेम एक तृतीयांश स्टॉपचा. अंतर दुप्पट झालं की प्रकाश एक चतुर्थांश होतो, त्या नियमाचाच हा हिशोब.

पण ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स अडीच मीटरवर नेला की प्रकाश कडक होतो, नाकाखाली सावली दिसायला लागते. घरात यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे छत. साध्या स्पीडलाइटचं (कॅमेऱ्यावर बसतो तो छोटा फ्लॅश) तोंड वर आणि किंचित मागे करा, म्हणजे छताचा पाच-सहा फुटांचा गोल हाच तुमचा सॉफ्टबॉक्स. नऊ-दहा फुटी पांढऱ्या छताला सुरुवात इथून करावी:

शटर १/२००, एफ/४.५, आयएसओ ८००, फ्लॅश मॅन्युअलवर १/८ पॉवर, फ्लॅशचा झूम ३५.

टीटीएल, म्हणजे फ्लॅशची ताकद कॅमेऱ्यालाच ठरवू देणं, नको. काळा फ्रॉक फ्रेममध्ये आला की टीटीएल जास्त प्रकाश फेकतं, पांढरी भिंत आली की कमी, आणि मग एडिट करताना प्रत्येक फ्रेम वेगळी सावरत बसावी लागते.

१/८ पॉवरचा दुसरा फायदा वेगाचा. फुल पॉवरला साध्या सेलवर फ्लॅश परत भरायला दोन-तीन सेकंद लागतात. मुलाचं हसू तेवढा वेळ टिकत नाही. १/८ वर तो जवळपास लगेच तयार असतो.

---

चौरंग

छत पांढरं नसेल तर? हल्ली लाकडी रंगाचं फॉल्स सीलिंग बऱ्याच घरांत असतं. त्यावर फ्लॅश मारून बाउन्स केलं की सगळं पिवळट-तपकिरी होतं. कपाळ आणि नाक उजळतं, डोळ्यांच्या खोबणी मात्र काळ्या राहतात, ती अडचण वेगळीच.

---

अर्धा_स्टॉप

छत रंगीत असेल तर ते सोडून द्या. पडदा अडकवायच्या दांडीवर किंवा दोन स्टँडमध्ये दोरी बांधून त्यावर पांढरी डबल चादर सोडा आणि फ्लॅश तिच्यावर मारा. मुलाच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला, कॅमेऱ्यापासून ४५ अंशांवर. चादर स्वच्छ पांढरी हवी. निळीची झाक असलेली चालत नाही, चेहऱ्यावर गार रंग येतो.

डोळ्यांच्या खोबणीचं म्हणणं बरोबर आहे. छताचा प्रकाश वरून येतो, त्याला खालून उत्तर द्यावं लागतं. मुलाला पाटावर बसवून समोर फरशीवर पांढरी चादर अंथरा. तिच्यावरून परत फिरलेला प्रकाश हनुवटीखाली आणि डोळ्यांत पोचतो. बोरन्हाणाला चादर घालायचीच असते, ती फुलाफुलांची न घालता पांढरी घालावी एवढंच.

---

तिसरी_खिडकी

फ्लॅश नसलेल्यांसाठी लिहितो.

जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरंच आत येतं. ते थेट चेहऱ्यावर घेऊ नका. खिडकीला मलमलचं कापड किंवा जुनं पांढरं धोतर एकपदरी लावलं की खिडकी हाच मोठा सॉफ्टबॉक्स होतो. मूल खिडकीपासून तीन-चार फुटांवर, खिडकी त्याच्या बाजूला. एफ/४, १/५००, आयएसओ १६०० च्या आसपास बसतं. बसलेल्या मुलाला १/२५० ही खालची मर्यादा, धावणाऱ्याला १/५०० तरी हवंच. आयएसओ ३२०० गेला तर जाऊ द्या. दाणे नंतर काढता येतात, हललेला चेहरा सरळ करता येत नाही.

वेळेचा घोळ हमखास होतो. बोरन्हाण संध्याकाळी, बायका-मुलं जमल्यावर असतं आणि जानेवारीच्या मध्यावर पुण्या-मुंबईकडे सव्वासहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. नागपूरकडे तर सहाच्या आतच. खिडकीच्या भरवशावर असाल तर मुलाला हलव्याचे दागिने साडेचारला घालून आधी दहा मिनिटं पोर्ट्रेट काढून घ्या. समारंभ मग होऊ दे सावकाश.

दुसरं, घरातले एलईडी दिवे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/५०० केलं की फोटोत आडवे पट्टे येतात किंवा एक फ्रेम उजळ, पुढची काळपट. फोनच्या स्लो-मोशन व्हिडिओत तो दिवा लुकलुकताना दिसला तर फोटोच्या वेळी बंद ठेवायचा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र घरात वापरूच नका, पट्टे वाढतात आणि बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशही चालत नाही.

---

रॉ_फाइल

अर्धा_स्टॉप यांच्या आकड्यांत एक दुरुस्ती, नवख्यांची फसगत इथेच होते. आयएसओ ८००, एफ/४.५, १/२०० ला दिवे लावलेल्या हॉलचा स्वतःचा प्रकाश फ्लॅशपेक्षा फक्त दोनेक स्टॉप खाली असतो. म्हणजे फ्लॅशने हात गोठतो, पण खोलीच्या प्रकाशात त्याच हाताची पुसट दुसरी कडा उमटते. मुलाच्या बोटांभोवती आणि कुत्र्याच्या शेपटीभोवती हे भूत ठळक दिसतं.

तपासायची पद्धत: त्याच सेटिंगवर फ्लॅश बंद करून एक फ्रेम काढा. जवळपास काळी आली तर सगळं गोठवणं फ्लॅशच्या हातात आहे. चेहरा ओळखू येण्याइतका दिसला तर पडदे ओढा, मोठे दिवे बंद करा, नाहीतर आयएसओ ४०० करून पॉवर १/४ करा.

---

अर्धा_स्टॉप

मान्य. वरच्या आकड्यांत हे धरून चालावं. शटर १/५०० करून यातून सुटता येत नाही हेही सांगून ठेवतो. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या वर गेलं की हायस्पीड सिंक (वेगवान शटरसोबत फ्लॅश चालवायची सोय) लागतं, आणि त्यात फ्लॅशची ताकद दोन स्टॉप किंवा जास्तच घटते. शिवाय तो एका झटक्यात न पेटता तुटक तुटक पेटत राहतो, त्यामुळे गोठवण्याचं काम पुन्हा शटरवरच येतं. घरात छताला बाउन्स करताना तेवढी ताकद उरत नाही.

---

चौरंग

आता खुद्द बोरन्हाणाबद्दल लिहितो, कारण त्यात प्रकाशाच्या तीन अडचणी एकदम येतात: काळं कापड, त्यावर पांढरा हलवा, आणि वरून पडणारी बोरं-चुरमुरे.

हलवा आधी. चांगल्या हलव्याला काटा असतो आणि तोच फोटोत दिसला पाहिजे. समोरून सपाट फ्लॅश मारला की काटा मरतो, माळेत नुसते पांढरे मणी ओवल्यासारखे दिसतात. प्रकाश एका बाजूने, साधारण ६० अंशांवरून आला की प्रत्येक काट्याची उजळ बाजू आणि बारीक सावली वेगळी दिसते. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा यांचे जवळून फोटो काढायचे तर ते मुलाच्या अंगावर चढण्याआधी पाटावर मांडून काढावेत. अंगावर गेल्यावर पाच मिनिटांत एखादी माळ तोंडात जाते.

एक्स्पोजर हलव्यासाठी लावायचं, फ्रॉकसाठी नाही. हायलाइटची लुकलुकणारी सूचना चालू ठेवा आणि हलवा लुकलुकायला लागला की आयएसओ किंवा पॉवर एक तृतीयांश स्टॉपने खाली आणा. रॉ फाइलमध्ये (कॅमेऱ्याने कच्चीच साठवलेली फाइल) काळ्या कापडाच्या सुरकुत्या वर काढता येतात. फुटलेल्या पांढऱ्यात काटा परत येत नाही.

आता वरून पडणारं. दीड फुटावरून सोडलेलं बोर डोक्यापाशी येईपर्यंत सेकंदाला सुमारे तीन मीटर वेगात असतं. १/२०० शटरला ते दीड सेंटिमीटर सरकतं, म्हणजे बोराची पट्टी होते. १/१००० ला तीन मिलिमीटर. फ्लॅशची १/८ पॉवरची चमक साधारण १/२००० सेकंदाची किंवा त्याहून छोटी असते, तेव्हा बोर बोरासारखं दिसतं. चुरमुरे हलके, हवा त्यांना अडवते, त्यामुळे ते हळू येतात आणि सोपे जातात. पण पांढऱ्या भिंतीपुढे चुरमुरे दिसतच नाहीत. मागे गडद पडदा किंवा एखादी गडद रंगाची साडी सोडा. दुसरा फ्लॅश असेल तर मुलाच्या मागून, एका बाजूने, १/३२ पॉवरवर ठेवा. प्रत्येक चुरमुरा कडेने उजळतो आणि हवेत सुटा दिसतो.

सुटे स्टुडिओ लाइट वापरणाऱ्यांनी एक बघून घ्यावं. स्पीडलाइटची पॉवर कमी केली की चमक छोटी होते. पण जुन्या पद्धतीच्या बऱ्याच स्टुडिओ लाइटमध्ये उलटं घडतं, पॉवर कमी केली की चमक लांबते. माहितीपत्रकात टी ०.१ चा आकडा बघा, म्हणजे चमक शिखराच्या १० टक्क्यांहून वर राहते तो वेळ (टी ०.५ म्हणजे ५० टक्क्यांहून वर). टी ०.५ चा आकडा दिसायला छान असतो, पण प्रत्यक्ष गोठवण्यासाठी टी ०.१ मोजायचा आणि तो साधारण तिप्पट लांब असतो.

---

मांजरपाट

पडणाऱ्या बोरांच्या फोटोत मुलाचे डोळे मिटलेलेच येतात. त्यावर काही?

---

चौरंग

डोक्यावर काही पडलं की डोळे मिटणारच, ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. दोन उपाय. पहिली मूठ रिकामी दाखवा, मूल वर बघतं. दुसऱ्या मुठीत नुसते चुरमुरे, आणि ते डोक्याच्या मागच्या अर्ध्यावर सोडा. पहिले चुरमुरे हवेत असतानाच शटर दाबायचं. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे शेवटी, आणि तेही डोक्यावर न टाकता खांद्यांच्या बाजूने. करवे बारीक करून घ्या, टोकदार नकोत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाताशी बोरं राहू देऊ नयेत, बी घशात अडकते. फोटो काढणाऱ्याची नजर व्ह्यूफाइंडरमध्ये असते, म्हणून हे बघायला एक मोठं माणूस वेगळं बसवावं.

---

भूभू_आणि_मंडळी

घरात कुत्रा असेल तर यात माझी भर. बोरन्हाणात हल्ली चॉकलेटं, गोळ्या, मनुका टाकतात. चॉकलेट आणि मनुका या दोन्ही गोष्टी कुत्र्याला विषारी आहेत, आणि झायलिटॉल घातलेल्या शुगर-फ्री गोळ्या तर फारच. बाळ आणि कुत्रा असा एकत्र फोटो हवा असेल तर तो बोरं टाकायच्या आधी, स्वच्छ चादरीवर घ्या. मग कुत्रा आतल्या खोलीत, फरशी पुरती झाडून होईपर्यंत. बाळाजवळ कुत्रा असताना त्याच्या पट्ट्याला दोरी आणि दोरीला माणूस हवाच, कुत्रा कितीही गरीब असला तरी. दोरी नंतर एडिटमध्ये काढता येते.

आता काळा लॅब्रेडॉर. याला काळा खड्डा म्हणतात ते उगीच नाही. पण काळी चकचकीत फर आरशासारखी वागते, तिच्यात आजूबाजूला जे मोठं आणि उजळ असेल ते उमटतं. समोरून फ्लॅश मारून ती उजळत नाही, मधोमध एक ठिपका चमकतो आणि बाकी काळंच राहतं. तिला मोठा पांढरा पृष्ठभाग दाखवावा लागतो, तोही बाजूने आणि किंचित मागून. कुत्रा पांढऱ्या भिंतीपासून तीन फुटांवर बसवा, अंगाची एक बाजू भिंतीकडे. फ्लॅश कुत्र्यावर न मारता त्याच भिंतीवर, कुत्र्याच्या खांद्याच्या थोडा मागे मारा. खांदा, मान आणि कपाळ यांच्या कडेने एक लांब राखाडी झळाळी येते आणि कुत्र्याचा आकार दिसायला लागतो. चेहऱ्यासाठी दुसऱ्या बाजूने, प्रकाश परत फेकायला, पांढरा फोम बोर्ड.

ऑटो मोडवर असाल तर कॅमेरा काळ्या कुत्र्याला राखाडी करायला जातो आणि मागची भिंत फुटते, तेव्हा उणे एकपर्यंत एक्स्पोजर करेक्शन द्या. पांढऱ्या पॉमेरियनला त्याच्या उलट, अधिक ०.७ ते अधिक १. मॅन्युअलवर असाल तर या दोन्हींची गरज नाही.

अॅपर्चर. फुल फ्रेमवर ८५ मिमी लेन्स, दीड मीटर अंतर, एफ/२: स्पष्ट भाग जेमतेम पावणेचार सेंटिमीटर. लॅब्रेडॉरच्या नाकापासून डोळ्यापर्यंत दहाएक सेंटिमीटर होतात. एफ/५.६ ला साडेदहा मिळतात, पण त्यातले निम्मेच डोळ्याच्या पुढे. एफ/८ ला पंधरा. म्हणून समोरून काढायचा असेल तर एफ/८, आयएसओ १६०० आणि पॉवर १/८ वरून १/४ च्या जवळ. किंवा मान जरा वळवून घ्या, नाक आणि डोळा कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्या अंतरावर येतात आणि एफ/४.५ पुरतं. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्याला हा त्रासच नाही.

फोकसला माणसाच्या डोळ्यावरून प्राण्याच्या डोळ्यावर बदलायला विसरू नका. काळ्या चेहऱ्यात काळा डोळा कॅमेऱ्याला सापडत नाही, तेव्हा एकच बिंदू निवडून भुवईच्या कडेवर फोकस करा. डोळ्यात प्रकाशाचा ठिपका असला की कॅमेऱ्यालाही डोळा लवकर सापडतो.

---

तिसरी_खिडकी

कुत्र्याला बघायला कसं लावायचं तेही लिहा. नुसतं नाव घेत राहिलं की तो उठून जवळच येतो.

---

भूभू_आणि_मंडळी

नाव घ्यायचंच नाही. नाव म्हणजे "ये". शिट्टीचं खेळणं, कागदाचा चुरचुर आवाज, डब्याचं झाकण. कुठलाही आवाज तीन-चार वेळाच काम करतो, मग कुत्रा दुर्लक्ष करतो. म्हणून फोकस लागेपर्यंत आवाज काढायचा नाही, सगळे आवाज साठवून ठेवायचे. आवाज झाला की कान ताठ होतात आणि मान तिरपी होते, तेवढ्यात तीन-चार फ्रेमचा बर्स्ट.

खाऊचे तुकडे हरभऱ्याएवढे. मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन, शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं. तुकडा लेन्सच्या वर धरा. बाजूला धरला की नजर बाजूला जाते आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो.

छत्री किंवा सॉफ्टबॉक्स कुत्र्यासमोर उघडू नका. दुसऱ्या खोलीत उघडून आणा, स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी टाका आणि दहा मिनिटं त्याला हुंगू द्या. फ्लॅशचा बीप बंद. पहिले दोन-तीन फ्लॅश कुत्र्याकडे कॅमेरा न रोखता उडवा आणि प्रत्येकाला खाऊ द्या. जांभया, सारखं ओठ चाटणं, कान मागे, शेपटी आत: ही घाबरल्याची लक्षणं आहेत. दिसली की थांबा. पंधरा-वीस मिनिटांपलीकडे ओढू नये.

---

मांजरपाट

मांजरांचं वेगळं. मांजर आणता येत नाही, ते जिथे बसतं तिथे लाइट न्यावा लागतो. त्यामुळे अर्धा_स्टॉप यांची "आधी जागा" ही रीत मांजराला जरा फिरवून लावायची: मांजराची ठरलेली जागा शोधायची, खोका, खिडकीचा कट्टा, टीव्हीच्या वरचं शेल्फ, आणि ते तिथे नसताना तिथला प्रकाश लावून ठेवायचा. चाचणीच्या फ्रेम दुमडलेल्या टॉवेलवर काढा.

डोळ्यांचा प्रश्न मोठा. अंधाऱ्या खोलीत बुबुळाच्या मधलं काळं एवढं फाकतं की हिरवा-पिवळा रंग उरतच नाही. वर रॉ_फाइल म्हणाले तसे पडदे ओढून दिवे बंद केले तर मांजराचे डोळे नुसते काळे येतात. मांजरासाठी खोली उजळ ठेवा, आयएसओ १००-२०० वर आणा आणि फ्लॅशची पॉवर वाढवा. भूतही दिसणार नाही आणि डोळ्यांचा रंगही राहील.

फ्लॅशने हिरवे-पिवळे चमकणारे डोळे येतात ते कुत्र्यामांजरांच्या डोळ्यांत मागे आरशासारखा थर असतो म्हणून. माणसाच्या डोळ्यात दिसतो तो लाल रंग रक्तवाहिन्यांचा, त्यामुळे साधं रेड-आय टूल यावर चालत नाही. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच टूलमध्ये पेट आय असा वेगळा पर्याय आहे. पण मुळात फ्लॅश लेन्सपासून लांब नेला किंवा बाउन्स केला की हे होतच नाही.

---

रॉ_फाइल

एडिटिंगचं सविस्तर.

एक. सुरुवातीला राखाडी कार्डाची एक फ्रेम काढा, मुलाच्या जागेवर धरून. सगळ्या फ्रेमचा व्हाइट बॅलन्स त्यावरून सिंक करा. घरची भिंत पांढरी दिसली तरी बहुतेक वेळा क्रीम असते, तिच्यावर ड्रॉपर मारला की चेहरे निळसर होतात. खोलीतले पिवळे दिवे चालूच ठेवायचे असतील तर फ्लॅशला नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद, याला सीटीओ म्हणतात) लावा. पूर्ण सीटीओने फ्लॅश ३२०० केल्विनच्या आसपास येतो. नाहीतर एक गाल पिवळा आणि एक निळा होतो, आणि ते एडिटमध्ये धड निस्तरत नाही.

दोन. परावर्तित रंग. आई मांडीवर बाळ घेऊन बसली आणि पैठणी हिरवी असेल तर बाळाच्या हनुवटीखाली, मानेवर हिरवा रंग चढतो. लॉनवरच्या पांढऱ्या कुत्र्याच्या पोटालाही तेच. पूर्ण फोटोचा टिंट बदलू नका. मऊ ब्रशने फक्त तेवढा भाग रंगवा आणि टिंट मॅजेंटाकडे ८ ते १५ सरकवा. कुत्र्याच्या पोटाला सॅच्युरेशन उणे २०-३० केलं तरी पुरतं.

तीन. काळा फ्रॉक जांभळट किंवा विटकरी येणं. सिंथेटिक काळ्या कापडाचे काही रंग अवरक्त प्रकाश परत फेकतात आणि कॅमेऱ्याचा फिल्टर तो पूर्ण अडवत नाही. फ्रॉकवर मास्क करा, सॅच्युरेशन उणे ५० ते ६०. व्हाइट बॅलन्सला हात लावू नका, चेहरा बिघडेल. कापडावरचा धागा-कचरा हीलिंग ब्रशने काढत बसण्यापेक्षा फोटोआधी चिकटपट्टी फिरवलेली बरी.

चार. डोकं बदलणं. एका फ्रेममध्ये चुरमुरे छान, दुसऱ्यात डोळे उघडे. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल आणि प्रकाश जागेला लावलेला असेल तरच हे सफाईने जमतं. दोन्ही फ्रेमचं डेव्हलप सेटिंग तंतोतंत सारखं करा, लाइटरूममधून फोटोशॉपमध्ये लेयर म्हणून उघडा, दोन्ही निवडून ऑटो-अलाइन. वरच्या लेयरला काळा मास्क, मग पांढऱ्या मऊ ब्रशने डोकं आणा. जोड नैसर्गिक कडेवर ठेवा: मुलाला टोपऱ्याची किंवा कॉलरची कड, कुत्र्याला गळ्याचा पट्टा. उघड्या मानेवर जोड देऊ नका, हनुवटीची सावली जुळत नाही. आणि फक्त डोळे बदलू नका. डोळे मिटताना गालही वर चढलेले असतात, त्यामुळे उघडे डोळे त्या चेहऱ्यावर परके दिसतात.

पाच. दोरी काढणं. शूटच्या वेळी दोरी मानेपासून सरळ वर किंवा सरळ मागे धरा, छातीवरून आडवी नको. फरवरून दोरी पुसणं फार कष्टाचं, भिंतीवरून पुसणं सोपं. कुत्रा उठून गेल्यावर त्याच फोकसवर आणि त्याच प्रकाशात रिकाम्या जागेची एक फ्रेम काढा. ती खालच्या लेयरला ठेवली की वरच्या लेयरच्या मास्कवर, दोरीच्या जागी काळा ब्रश फिरवला, झालं.

सहा. फर आणि त्वचा यांना एकाच मापाने शार्प करू नका. शार्पनिंगमध्ये ऑल्ट दाबून मास्किंगचा स्लायडर ६०-८० पर्यंत न्या, गुळगुळीत भाग काळे होतील आणि फक्त कडा राहतील. मिशांसाठी वेगळा ब्रश. सिलेक्ट सब्जेक्ट हे आपोआप निवडणारं टूल मिशा हमखास सोडतं, म्हणून पार्श्वभूमी धूसर करायची असेल तर मिशा मास्कमध्ये हाताने घ्या, नाहीतर त्या मध्येच तुटतात. मुलांच्या त्वचेला टेक्स्चर उणे १० पुरे. नाकाखालची लाली, थंडीत फुटलेले गाल यांना लाल रंगाचं सॅच्युरेशन उणे १० आणि ल्युमिनन्स अधिक १०. त्याहून पुढे गेलं की मूल मेणाचं होतं. बुबुळाला एक्स्पोजर अधिक ०.३, डोळ्याच्या पांढऱ्याला काही नाही.

---

चौरंग

एक राहिलं. गालावरची तीट. हीलिंग ब्रशच्या ओघात किंवा स्वयंचलित रिटचमध्ये ती डाग म्हणून पुसली जाते. आजीने लावलेली असते, ती पुसलेली घरच्यांना चालत नाही. काजळ ओघळलं असेल तर ओघळ काढा, तीट ठेवा.

डोकं बदलण्याबद्दल माझं मत वेगळं आहे. बोरं अंगावर पडताना डोळे घट्ट मिटून खांदे वर घेतलेलं मूल, तोच त्या क्षणाचा फोटो आहे. डोळे उघडे असलेला पोर्ट्रेट आधी साडेचारला काढलेला असतोच की.

---

रॉ_फाइल

तिटीबद्दल शंभर टक्के. डोकं बदलणं एकट्या मुलाच्या फोटोला लागत नाही हेही खरं. पण आठ मुलं रांगेत बसवलेला फोटो असेल तर आठही जणांचे डोळे एका फ्रेममध्ये उघडे मिळत नाहीत. तिथे दुसरा इलाज नाही. अशा वेळी दहा-बारा फ्रेम एकाच जागेवरून घ्या आणि ज्या फ्रेममध्ये सगळ्यांत जास्त चेहरे चांगले आहेत ती पाया म्हणून धरा.

---

मांजरपाट

फोनवाल्यांसाठी थोडं. पोर्ट्रेट मोड मांजराच्या कानाचे केस आणि मिशा पुसून टाकतो, साधा मोड वापरा. नाइट मोड बंद, तो अनेक फ्रेम जोडतो आणि हलणारं सगळं फराटतं. खिडकीजवळ जा, एक्स्पोजर बोटाने खाली ओढून लॉक करा, बर्स्ट घ्या. फोनला दोनपट झूमची लेन्स असेल तर ती, रुंद लेन्सने कुत्र्याचं नाक भोपळ्याएवढं होतं.

---

तिसरी_खिडकी

प्रिंटबद्दल कुणी लिहिलं नाही. काळा फ्रॉक काय, काळा कुत्रा काय, स्क्रीनवर छान दिसतात आणि अल्बममध्ये नुसता काळा ठोकळा येतो.

---

रॉ_फाइल

स्क्रीनचा ब्राइटनेस फार वर ठेवून एडिट केलं की असंच होतं. तो निम्म्यावर आणा, मग बघा. प्रिंटची फाइल वेगळी काढा: एक्स्पोजर अधिक ०.३, शॅडोज अधिक १५, काळ्याचं टोक थोडं वर. मॅट कागदाला आणखी थोडं, कारण त्यावर काळं तेवढं खोल जात नाही आणि जवळजवळचे गडद रंग एकमेकांत मिसळतात. पूर्ण अल्बम द्यायच्या आधी लॅबकडून एका फ्रेमचा चार बाय सहाचा प्रिंट मागवा, आणि फ्रेम अशी निवडा जिच्यात काळं कापड आणि हलवा दोन्ही आहेत. हलव्याचा काटा आणि फ्रॉकची सुरकुती दोन्ही दिसली की तेच सेटिंग बाकीच्यांना लावा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलं की गडद भागात चौकोन पडतात.